दिल्लीची ब्रेझा, कराडचा नंबर

पत्र

नमस्कार. मी कराडला राहतो. जनावरांची औषधं गावोगावच्या दुकानांना पोचवायचा माझा धंदा आहे. पाटण, शिराळा, कडेगाव असा रोजचा फेरा. आजवर जुन्या ओम्नीवर भागवलं, आता ती दर महिन्याला गॅरेज दाखवते. ऑनलाइन शोधताना दिल्लीच्या एका डीलरकडे २०१८ ची डिझेल ब्रेझा दिसली. फर्स्ट ओनर, ६२ हजार किलोमीटर, किंमत ५ लाख ४० हजार. पुण्यात तशीच गाडी ६ लाख ६० हजारांच्या खाली कुणी देत नाही. डीलरनं व्हिडिओ पाठवलेत, गाडी चकाचक आहे. तो म्हणतो, २५ हजार टोकन आजच पाठवा, बाकीचे पैसे गाडी ट्रेलरवर चढायच्या आधी. एनओसी, म्हणजे गाडी परराज्यात न्यायचा आरटीओचा ना-हरकत दाखला, मागाहून महिनाभरात कुरिअरनं येईल, तोवर दिल्लीच्या नंबरवर वर्षभर बिनधास्त फिरवा. मेहुणे म्हणतात, लाखाचा फायदा आहे, घेऊन टाका. बायको म्हणते, गाडी ज्याच्या नावावर आहे तो माणूस कुठं आहे ते आधी विचारा. विचारलं, तर डीलर म्हणाला, "सर, उससे आपको क्या, डील तो हमसे है." दिवसातून दोनदा फोन येतोय. टोकन पाठवू का?

उत्तर

टोकन पाठवू नका. दिवसातून दोनदा फोन येतोय म्हणून तर मुळीच नको. "सर, गाडी निकल जायेगी" हे त्या बाजारातलं नमस्कार-चमत्कारासारखं वाक्य आहे, त्यावर घाम फोडून घ्यायचं कारण नाही. गेली तर गेली. २०२० सालापर्यंत ही गाडी निव्वळ डिझेलमध्येच येत होती, तेव्हा तुमच्या सालची जी ब्रेझा दिसेल ती डिझेलच असणार. दुसरी मिळेल.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येतो, कारण सगळ्या पत्रात कामाचा प्रश्न तेवढाच आहे.

आरटीओच्या दप्तरी गाडी ज्याच्या नावावर, तो मालक. डीलर मधे उभा असतो तो दोनपैकी एका नात्यानं. एक तर त्यानं पैसे मोजून गाडी घेतलेली असते, नाहीतर मालकानं "विकून द्या, तुमचं कमिशन घ्या" म्हणून त्याच्या आवारात आणून लावलेली असते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. तीच पाटी, तोच पॉलिश मारलेला बोनेट. तुमच्या दृष्टीनं मात्र यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण दुसऱ्या प्रकारात डीलरच्या हातात विकायला काहीच नसतं.

हा घोळ मिटावा म्हणून केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्यानं आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं, त्याचा नमुना फॉर्म २९बी. आणि मालकानं गाडी डीलरच्या ताब्यात दिली की तशी ऑनलाइन वर्दी द्यायची, तो फॉर्म २९सी. ही वर्दी नोंदली गेली की गाडीची जबाबदारी डीलरवर येते, आणि एनओसीचा किंवा नावावर करण्याचा अर्ज तो स्वतः करू शकतो. म्हणजे "डील तो हमसे है" हे म्हणायचा हक्क त्याला या दोन कागदांनी मिळतो. त्याला एवढंच विचारा: २९बी आणि या गाडीची २९सी पाठवता का? खरा व्यापारी असेल तर पाच मिनिटांत फोटो येईल.

अधिकारपत्र नसलं म्हणून तो लगेच चोर ठरत नाही. पण मग तुम्हाला मूळ मालक लागणारच, आणि निव्वळ सहीपुरता नाही. परराज्यात न्यायची एनओसी मागायचा फॉर्म २८, विक्री कळवायचा २९, नावावर करायचा ३०, या सगळ्यांवर त्याची सही तर हवीच. शिवाय हल्ली अर्ज ऑनलाइन भरताना ओटीपी त्याच्या मोबाइलवर जातो. डीलरच्या खणात कोऱ्या फॉर्मांवर सह्या घेतलेला गठ्ठा असतो आणि तो गठ्ठा दाखवून "पेपर कम्प्लीट है" असं सांगतात. मालक नोकरीनिमित्त बंगळुरूला गेला, नंबर बदलला, की तो गठ्ठा रद्दी. माझा अर्धा जन्म विम्याचा सर्व्हेअर म्हणून गेला. अपघाताचा दावा घेऊन आलेली गाडी अजून पहिल्याच मालकाच्या नावावर, आणि मधले दोन-तीन खरेदीदार कुठंच नोंदलेले नाहीत, असं इतकं बघितलंय की आता नवल वाटत नाही. मालकाशी व्हिडिओ कॉलवर बोला. आधार कार्डाशी चेहरा ताडून बघा. गाडी का विकताय, कुठं सर्व्हिस करत होता, हे साध्या गप्पांच्या ओघात विचारा. डीलरनं पढवून बसवलेला माणूस सर्व्हिस सेंटरचं नाव सांगताना अडखळतो.

"वर्षभर बिनधास्त फिरवा" ही तर शुद्ध थाप आहे, जरी ती एका खऱ्या नियमाच्या आधारानं मारलेली असली तरी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ मध्ये बारा महिन्यांची मुदत आहे. पण ती गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथला नंबर कधीपर्यंत घ्यायचा, याची. बदली होऊन दिल्लीहून पुण्याला आलेल्या बँकवाल्याला ती उपयोगी पडेल. तुम्ही गाडी विकत घेणारे. तुम्हाला कलम ५० लागू. घेणाऱ्यानं ३० दिवसांत ट्रान्सफरसाठी अर्ज करायचा असतो. शिवाय कराडच्या नाक्यावर डीएल नंबरची गाडी रोज उभी राहिली, तर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी कागद मागणार, आणि कागदावर दिल्लीतल्या कुणा परक्याचं नाव. त्यावेळी डीलर फोन उचलेल याची खात्री तुम्हीच बाळगा.

मेहुण्यांच्या लाखाच्या फायद्याचं काय ते कागदावर मांडू. फरक आहे १ लाख २० हजारांचा. गाडी कराडला, म्हणजे एमएच ५० वर आणायची तर महाराष्ट्राचा रस्ता कर नव्यानं भरावा लागतो. नव्या डिझेल कारला दहा लाखांपर्यंत हा दर १३ टक्के आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे तो कमी होतो, पण हिशोब धरतात तो मूळ बिलावरच्या किमतीचा, तुम्ही मोजलेल्या ५ लाख ४० हजारांचा नव्हे. मूळ बिल समजा ९ लाखांचं असेल, तर पूर्ण कर १ लाख १७ हजार. त्याच्या निम्मा लागला असं धरलं तरी ५८,५०० झाले. नेमका आकडा कराडच्या कार्यालयातून काढून आणा, मी वानगीदाखल धरलाय. ट्रेलरचं भाडं आणि वाटेतला विमा मिळून पंचवीस हजार धरा. तुम्ही आणि तुमचा मेकॅनिक दिल्लीला जाऊन-येऊन, राहून, पंधरा हजार. आरटीओची फी, नवी नंबर प्लेट, एजंट, किरकोळ मिळून दहा हजार. बेरीज १ लाख ८ हजार ५००. तुमच्या हातात उरले साडेअकरा हजार, आणि गाडीला अजून हातही लावलेला नाही. टायर घासलेले निघाले की तेही गेले.

दिल्लीला भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, असं तुम्हाला कुणी तरी सांगेल. खरं आहे, पण त्या पैशाची वाट इथली नोंदणी झाल्यावर सुरू होते, आणि कर भरलेला असतो मूळ मालकानं. खरेदीचा हिशोब त्या भरवशावर मांडू नका.

मग दिल्लीत गाड्या स्वस्त का, हा प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर डीलरनं दिलं असेल तर ते खोटं नाही. राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्ये दिल्ली आणि भोवतालच्या पट्ट्यात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१८ मध्ये तेच उचलून धरलं, डिझेलला दहा वर्षं आणि पेट्रोलला पंधरा. जुलै २०२५ मध्ये असल्या गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं फर्मान लागू झालं, ओरड झाली, थोड्याच दिवसांत ते थांबवावं लागलं आणि प्रकरण पुन्हा कोर्टात गेलं. नियम पुढं कुठं जाईल हे तिथल्या मालकालाही कळत नाही, म्हणून तो सात-आठ वर्षांची डिझेल गाडी काढून टाकायला बघतो. २०१८ च्या गाडीची दहा वर्षं २०२८ मध्ये भरतात. महाराष्ट्रात मात्र खासगी कारची नोंदणी पंधरा वर्षं चालते. हा फरक म्हणजेच तुमची स्वस्ताई. पण हे गुपित नाही. करोल बागेतल्या प्रत्येक डीलरला, आणि दिल्लीहून गाड्या आणून इकडे विकणाऱ्या आपल्याकडच्या प्रत्येक दलालालाही ते ठाऊक आहे. म्हणून दिल्लीच्या मानानंही एखादी गाडी फारच स्वस्त दिसली, तर त्या स्वस्ताईला दिल्लीपलीकडचं दुसरं काही कारण असतं. ते कारण बहुतेक वेळा पाण्यात, मीटरमध्ये किंवा अपघातात सापडतं.

पाण्याचं आधी. जुलै २०२३ मध्ये यमुना २०८.६६ मीटरपर्यंत चढली होती, दिल्लीचे सखल भाग पाण्याखाली गेले होते. तुम्ही कृष्णा-कोयनेच्या काठचे, पूर ओसरल्यावर गाळ कुठं कुठं शिरून बसतो हे तुम्हाला मी काय सांगू. गाडीतला गाळ मात्र धुतलेला असतो, सीट कव्हर नवी असतात, आत सुगंधी डबी टांगलेली असते. म्हणून जिथं धुणाऱ्याचा हात पोचत नाही तिथं बघायचं. मागच्या सीटचा पट्टा पूर्ण ओढून काढा, शेवटच्या टोकापर्यंत. रोज वापरात येतो तेवढा भाग स्वच्छ असतो. आत गुंडाळून राहिलेल्या भागावर, विणीच्या बरोबर आडवी, मातकट रेघ दिसली की समजायचं पाणी तिथवर आलं होतं. पुढच्या सीटचे रूळ आणि त्यांचे बोल्ट बघा, मॅटखालचं कार्पेट उचलून नाक लावा, स्टेपनी काढून तिच्या खळग्यात बोट फिरवा. आठ वर्षांच्या गाडीत थोडा गंज असतो, त्याला घाबरू नका. सीटखालच्या वायरींच्या जोडांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल तर मात्र किमतीवर बोलूच नका, थेट निघा. असल्या गाडीतली वायरिंग वर्षभर चालते आणि मग एका पावसाळ्यात एकेक करून सगळं बंद पडत जातं.

मीटर मागं घेणं आता लॅपटॉपचं काम झालंय, त्यामुळे ६२ हजार या आकड्याला स्वतःची अशी किंमत नाही. त्याला साक्षीदार हवेत. पहिला साक्षीदार सर्व्हिसची जॉब कार्डं. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक वेळचं किलोमीटर नोंदलेलं असतं. मूळ मालकाकडून ती मागवा. दुसरा साक्षीदार टायर. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात, ३२१८ म्हणजे २०१८ चा बत्तिसावा आठवडा. कंपनीतून आलेला एक संच, नंतर बदललेला एक, इथवर ६२ हजारांत बसतं. दुसरा संचही घासून गेलाय आणि तिसरा नवा कोरा चढवलाय असं तारखांवरून दिसलं, तर गाडी लाखाच्या पलीकडे गेलीय. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचं रबर, स्टिअरिंगची चकाकी, ड्रायव्हरच्या सीटची उतरायच्या बाजूची कड, हेही बोलतात. पेडलचं रबर नवं आणि सीट खचलेली अशी जोडी दिसली की रबर कुणी आणि का बदललं ते विचारा.

अपघाताचं तुमचा मेकॅनिक बघेल. त्याला दरवाज्यांची रबरं ओढून पिलरवरचे वेल्डिंगचे ठिपके दाखवायला सांगा. ते कारखान्यात सारख्या अंतरावर पडलेले असतात, गॅरेजमध्ये तसे जमत नाहीत. बोनेटच्या बिजागरीच्या बोल्टांवरचा रंग उडालाय का, सगळ्या काचांवर एकच छाप आहे का, एवढं तुम्हीही बघू शकता.

हे सगळं व्हिडिओवर होत नाही. व्हिडिओ म्हणजे डीलरला जे दाखवायचंय ते. चालू व्हिडिओ कॉलवर, आधी सांगून न ठेवता, थंड इंजिन चालू करायला लावणं एवढं मात्र घरबसल्या जमेल: बोनेट उघडा, त्याला इंजिनवर उघडा तळवा ठेवायला सांगा, मग चावी फिरवा, आणि कॅमेरा सायलेन्सरकडे. तुमचा फोन जायच्या आधी ज्यानं गाडी अर्धा तास चालवून ठेवली असेल तो तळवा ठेवताना हात झटकेल. पण ही नुसती चाळणी. शेवटी माणूस जायलाच हवा, आणि तो तुमचा मेकॅनिक हवा. तो येत नसेल तर पैसे देऊन दिल्लीतला बाहेरचा मेकॅनिक ठरवा. डीलरनं सुचवलेला नको. "दोनशे पॉइंट चेक" असं लिहिलेलं सर्टिफिकेट म्हणजे हमी नाही. वॉरंटीची ओळ दिसली तर त्यात काय धरलेलं नाही ते वाचा, क्लच, टर्बो आणि इंजेक्टर बहुधा तिथंच सापडतील.

कागद तुम्ही आज रात्रीच तपासू शकता. एम-परिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाका. नोंदणीची तारीख, इंधन, कितवा मालक, विमा आणि पीयूसीची मुदत, बँकेचा बोजा, काळ्या यादीत आहे का, हे दिसेल. "फर्स्ट ओनर" तिथं पडताळून घ्या. बोजा दिसत असेल तर कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आल्याखेरीज पुढं जाऊ नका. ई-चलानच्या सरकारी साइटवर दंड बघा. दिल्लीतले कॅमेरे फार उत्साही आहेत. चोरीची गाडी तर नाही ना, हे नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्यूरोच्या वाहन समन्वय सेवेत तपासता येतं. डीलर पूर्ण नंबर द्यायला का-कू करत असेल, व्हिडिओत नंबर प्लेटवर कापड टाकत असेल, तर पुढचं काहीच करू नका. गाडी विकायला बसलेल्या माणसानं नंबर लपवायचं कारण काय?

पैशांबद्दल मी थोडा कडक आहे. टोकन द्यायचंच तर पाच हजार, आणि तेही दोन अटी लेखी घेऊन: तपासणीत गाडी नापसंत पडली तर पूर्ण परत, एनओसी निघाली नाही तर पूर्ण परत. व्हॉट्सअॅपवर त्याच्याच नंबरवरून "मंजूर" आलं तरी काहीतरी हातात राहतं. पैसे जातील ते फर्मच्या नावाच्या चालू खात्यात. कुणा "अकाउंटंट"च्या यूपीआयवर नाही, क्यूआर कोडवर नाही. आणि लक्षात ठेवा, पैसे यायचे असतील तेव्हा पिन टाकावा लागत नाही; "रिफंडसाठी पिन टाका" म्हणणारा चोर. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यानं बंदी आहे, तेव्हा रोखीत स्वस्त देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा. जीएसटी लावून मागत असेल तर हेही माहीत असू द्या: जानेवारी २०२५ पासून जुन्या गाड्यांवर व्यापाऱ्याला १८ टक्के जीएसटी आहे खरा, पण तो त्याच्या नफ्याच्या फरकावर, पूर्ण ५ लाख ४० हजारांवर नाही.

मोठी रक्कम कधी द्यायची? मेकॅनिकनं पास केल्यावर थोडी, म्हणजे तो एनओसीच्या अर्जाला लागेल. उरलेली एनओसी निघाल्यावर. एनओसीत कराडच्या कार्यालयाचं नाव आहे का ते बघा, नुसतं "महाराष्ट्र" किंवा दुसऱ्या जिल्ह्याचं नको. डीलर म्हणेल, महिनाभर माझी गाडी अडकते. त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही, त्याच्या पैशाला व्याज असतं. म्हणून टोकन थोडं वाढवून द्या, पण गाडी आधी आणि एनओसी मागून, या बोलीवर येऊ नका. एकदा पूर्ण पैसे गेले की तुमच्या एनओसीसाठी आरटीओत खेटे घालायची त्याला काहीही गरज उरत नाही. दीड हजार किलोमीटरवरून तुम्ही करणार काय, फोन?

समजा सगळं जमलं आणि गाडी निघाली. विमा त्याच दिवशी बघा. गाडी विकली की तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा नव्या मालकाकडे आपोआप येतो, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा येत नाही. त्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा असतो. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळालेली सूट, तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो, आणि त्या सुटीपोटी हप्त्यातून कमी झालेली रक्कम तुम्ही भरायची असते. या चौदा दिवसांत, राजस्थानच्या हायवेवर नीलगाय आडवी आली तर खर्च तुमचा. म्हणून चालवत आणायचा मोह टाळा, ट्रेलर बरा. चढवताना चारी बाजूंनी आणि आतून फोटो, मीटरच्या आकड्याचाही. डिलिव्हरीच्या पत्रावर तारखेबरोबर वेळ लिहून घ्या. त्या वेळेच्या आधीचा दंड आणि भानगडी त्यांच्या, नंतरच्या तुमच्या. जुना फास्टॅग मूळ मालकाकडून बंद करून घ्या.

कराडला आल्यावर एनओसी, २९, ३०, नव्या नंबरसाठीचा फॉर्म २७, मूळ बिल, विमा, पीयूसी आणि तुमच्या पत्त्याचा पुरावा घेऊन उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात जायचं. मोटार वाहन निरीक्षक गाडी बघतो, चॅसिस नंबर कागदाशी ताडतो. मूळ बिल इथं नक्की मागतात आणि नेमकं तेच दिल्लीहून आणायचं राहतं. कर ठरवायचा तो त्यावरूनच, तेव्हा डीलरच्या यादीत ते पहिल्या दिवशीच घाला.

फसलातच तर दोन दारं आहेत. पैसे गेल्यागेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, जितका लवकर तितकं खातं गोठवायची शक्यता जास्त. आणि डीलरनं ठरल्याप्रमाणे दिलं नाही तर ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रार तुम्ही राहता तिथं, म्हणजे साताऱ्याच्या जिल्हा आयोगात करता येते, दिल्लीला जावं लागत नाही. धंद्यासाठी घेतली म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असं डीलरचा वकील म्हणेल. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू कायदा धंद्यासाठी घेतलेल्यांत धरत नाही, हे तुमच्या वकिलाला माहीत असेलच. एवढं असूनही सांगतो, साताऱ्यात मिळालेला हुकूम दिल्लीत वसूल करणं हे वेगळंच काम आहे. आणि मधे डीलर नसून निव्वळ मालकानं विकलेली गाडी असेल तर ग्राहक आयोगाचं हे दार उघडतच नाही.

तुमच्या जागी मी असतो तर दिल्लीचा नाद सोडला असता. पुणे, कोल्हापूर, सांगली ही तिन्ही ठिकाणं सकाळी निघून रात्री घरी यायच्या टप्प्यातली आहेत. मेकॅनिकला एका दिवसाची मजुरी देऊन बरोबर नेता येतं, मालकाच्या घरी बसून चहा पिता येतो, कर पुन्हा भरावा लागत नाही. ६ लाख ६० सांगणाऱ्याला टायर आणि क्लच दाखवून ६ लाख ३० पर्यंत आणायची उमेद तुमच्यासारख्या फिरत्या विक्रेत्यात असायला हवी. तरीही ती दिल्लीचीच ब्रेझा मनात भरली असेल, तर आज डीलरला एकच मेसेज करा: गाडीचा पूर्ण नंबर, २९बी, २९सी, मूळ बिलाचा फोटो आणि मालकाशी दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल. हे मिळाल्यावर टोकनाचं बोलू, असंही त्यात लिहा. मेसेज वहिनींनाच लिहायला सांगा.